खटका कुठाय ते बघा: छोट्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचायला सुरुवात कशी करायची

पहिलं म्हणजे जाड कादंबरीनं सुरुवात करू नका. मी केलेली. वीसेक वर्षं झाली असतील, कुणीतरी सांगितलं सायन्स फिक्शन वाचायचं तर हेच वाच, म्हणून सहाशे पानांचं इंग्रजी पुस्तक आणलं, पहिल्या चाळीस पानांत अकरा ग्रहांची नावं, तीन राजघराणी आणि शेवटी एक वेगळा शब्दकोश, आणि इकडं आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या मशिनचं, छोटं वर्कशॉप, संध्याकाळी अंगाला कूलंटचा वास घेऊन घरी येणारा माणूस मी, जेवून पुस्तक उघडलं की दोन पानांत डोळा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी परत त्या अकरा ग्रहांपासनं सुरुवात. तीन महिन्यांनी पुस्तक परत केलं, लायब्ररीचा दंड भरला आणि हे आपलं काम नव्हे म्हणून सोडून दिलं. पुढची चार वर्षं अशीच वाया गेली.

छोट्या गोष्टीचं तसं नसतंय. अमेरिकेत ह्युगो म्हणून विज्ञानकथांचं मोठं बक्षीस आहे, 1953 पासनं चालू आहे, त्यांच्या नियमात 7,500 शब्दांच्या आतली ती शॉर्ट स्टोरी, 17,500 पर्यंत नॉव्हेलेट आणि 40,000 पर्यंत नॉव्हेला. म्हणजे शॉर्ट स्टोरी म्हटली की फार तर पंचवीस पानं, कोल्हापूरहून पुण्याच्या एसटीत बसला तर कराड यायच्या आत संपते आणि मग पुढं स्वारगेटपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत डोकं खाजवायला भरपूर वेळ. माझं म्हणणं असं की ह्या गोष्टी एका बैठकीतच वाचायच्या. अर्धी आज अर्धी उद्या केली की मजा जाते, लेथवर अर्धा कट मारून जॉब तसाच चकमध्ये, म्हणजे मशिनच्या पकडीत, ठेवून घरी गेल्यासारखं होतं, सकाळी परत सगळं सेट करत बसायचं.

आता मेन युक्ती. आपल्याकडं म्हणतात ना, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. ह्या गोष्टी अगदी तशाच चालतात. लेखक जगातली एकच गोष्ट बदलतो, एकच खटका दाबतो, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवतो, माणसं तीच, भांडणं तीच, हावरटपणा तोच, आणि मग त्या एका खटक्यानं काय काय पलटी होतंय ते दाखवतो. वाचताना तुमचं काम एवढंच की खटका शोधायचा. तो सापडला की मधली यंत्रं, किरण, नळकांडी अर्धी समजली नाहीत तरी काही बिघडत नाही. मी सुरुवातीला सगळं सायन्स समजलंच पाहिजे म्हणून एकेका परिच्छेदावर अडून बसायचो, जणू उद्या कुणी मला ते रॉकेट बनवायची ऑर्डर देणार होतं.

खटका म्हणजे काय हे दाखवायला मी सगळ्यांना पहिल्यांदा जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ देतो. 14 जानेवारी 1761, पानिपत, विश्वासरावांना गोळी लागली आणि पुढचं सगळं आपल्याला माहितीच आहे. गोष्टीत ती गोळी त्यांच्या कानाजवळनं निघून जाते. झालं, एवढाच खटका, चार बोटांचा फरक. आणि गंगाधरपंत म्हणजे इतिहासाचे प्रोफेसर, ते एका अपघातात अशा जगात जाऊन पडतात की जिथं मराठे जिंकलेत, पुण्याहून मुंबईला जाताना त्यांना काय काय दिसतं आणि मग ते लायब्ररीत बसून इतिहासाची गाडी नेमक्या कुठल्या सांध्यावर दुसऱ्या रुळावर गेली ते शोधत बसतात. हे वाचताना माझ्या डोक्यात एक आलं, आपण कुठल्याही कामाचं वाटोळं झालं की पानिपत झालं म्हणतो, त्या जगात ह्या शब्दाचा अर्थच उलटा असणार की, तिथं पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं तर म्हणत असतील पोरानं पानिपत केलं. अशी फांदी आपल्या डोक्यात फुटायला लागली की समजायचं गोष्ट लागू पडली.

ही गोष्ट ‘द ॲडव्हेंचर’ नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे. माझी भाची म्हणाली, मामा ही तर आम्हाला परीक्षेला होती, प्रश्नोत्तरं सगळी पाठ आहेत माझी. मी म्हटलं खटका कुठाय सांग. तर म्हणे, असलं काय विचारत नाहीत.

नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, 1938 साली, हे इथल्या पुष्कळ लोकांना माहिती नसतं. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 1974 साली पाठवलेली, पण नावाकडं बघून बक्षीस मिळायला नको म्हणून नाव घातलं नारायण विनायक जगताप, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी केली की झालं, ज-वि-ना चं ना-वि-ज. हस्ताक्षर ओळखतील म्हणून गोष्ट मंगलाताईंकडनं, म्हणजे त्यांच्या पत्नीकडनं लिहून घेतली. पहिला नंबर आला. स्पर्धेतलं नावसुद्धा असं आरशातनं काढल्यासारखं, आणि नंतर त्यांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ लिहिली ती तर सगळी डाव्या-उजव्याचीच गोष्ट.

ती वाचायच्या आधी एक उद्योग करा, पाच मिनिटं लागतात. फाइलवरचं पारदर्शक प्लॅस्टिक असतं त्याची दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्टी कापा. दोन टोकं जोडायच्या आधी एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि मग सेलोटेप लावा. ह्याला मोबियसची पट्टी म्हणतात. आता कागदाचा छोटा डाव्या हाताचा पंजा कापा, पट्टीवर ठेवून त्याच्या कडेनं मार्करनं चित्र काढा, आणि तो कागदी पंजा पट्टीवरनं न उचलता, न उलटता हळूहळू सरकवत नेत एक फेरी पूर्ण करा. पंजा परत त्याच जागी येतो पण पट्टीच्या दुसऱ्या बाजूला, आणि प्लॅस्टिकमधनं आरपार बघितलं तर मार्करच्या चित्रावर तो बसतच नाही, डाव्याचा उजवा झालेला असतो. आमच्या वर्कशॉपमधल्या हेल्पर पोरानं हे तीनदा करून बघितलं, मग म्हणाला, “दादा, कुठंतरी तुम्ही उलटा केलासा.” मी म्हटलं तूच तर सरकवलास. ते गप्प झालं, आणि दुपारी डबा खाताना त्यानं स्वतःहून गोष्ट मागितली. बघा, एक पानभर सायन्स समजावून सांगण्यापेक्षा हे बरं.

मराठीत नारळीकरांच्या पुढं बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे ही नावं लायब्ररीत दिसली की हात घाला. लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ इंग्रजीतही गेली, फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह केला 1993 साली त्यात आहे. माझ्या मते जुन्या मराठी विज्ञानकथांत एक खोड आहे, मधेच एक पात्र दुसऱ्याला दोन पानं शिकवणी देतं आणि दुसरं पात्र आज्ञाधारकपणे “म्हणजे काय प्रोफेसर?” विचारत बसतं. तिथं बिनधास्त पळत वाचा. कुणी परीक्षा घेत नाही.

इंग्रजीचं काय, असं बरेच जण विचारतात. आमचं इंग्रजी म्हणजे ड्रॉइंग वाचण्यापुरतं आणि पार्टीला ईमेल लिहिण्यापुरतं. तरी जमलं, कारण छोट्यापासनं सुरू केलं. फ्रेड्रिक ब्राउन म्हणून एक लेखक होता, त्याच्या एकेक पानाच्या गोष्टी आहेत, ‘सेंट्री’ आणि ‘आन्सर’, दोन्ही 1954 च्या. चहा गार व्हायच्या आत संपतात आणि शेवटच्या ओळीत पलटी. दर शब्दाला डिक्शनरी उघडायची नाही, एका पानात पाचसहा शब्द अडले तर जाऊ दे, तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच बघायचा. एक सावधगिरी मात्र, डॅनियल कीजची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ वाचायला घेतली तर सुरुवातीला स्पेलिंगं सगळी चुकीची दिसतील, मला वाटलं छपाईच गंडलीय, पण ती मुद्दाम आहेत. चार्ली म्हणून मंदबुद्धी माणसाची ती डायरी आहे, त्याच्यावर बुद्धी वाढवायचं ऑपरेशन करतात आणि गोष्ट पुढं जाईल तशी स्पेलिंगं सुधारत जातात. आपल्यासारख्याला ते पटकन कळतं खरं तर, स्पेलिंग चुकलं की लोक आपल्याकडं कसं बघतात ते आपण भोगलेलं असतंय.

मग रे ब्रॅडबरी. ‘ऑल समर इन अ डे’, 1954 ची. ही पावसाळ्यातच वाचा, ते पण जुलैच्या शेवटी, गगनबावड्याला धो धो चालू आहे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकलंय आणि सगळं गाव मोबाइलवर 43 ची धोक्याची पातळी कधी होतीय ते बघतंय, कपडे आठ दिवस वाळलेले नाहीत, अशा वेळी. गोष्टीत शुक्र ग्रहावर सात वर्षं सलग पाऊस पडतोय आणि सात वर्षांतनं एकदाच तासा-दोन तासांसाठी सूर्य दिसतो. वर्गातल्या पोरांनी ऊन बघितल्याचं आठवतसुद्धा नाही, फक्त एका पोरीला आठवतं कारण ती पृथ्वीवरनं उशिरा आलीय. आता खटका काय, सात वर्षांचा पाऊस? मला पण आधी तसंच वाटलं. पण दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की गोष्ट पावसाची नाहीच, एकाकडं जे आहे ते बाकीच्यांकडं नाही आणि वर्गातली पोरं त्याचं काय करतात त्याची आहे. आणि ते आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या वर्गात केलेलं असतंय. (शुक्रावर असा पाऊस नसतो, तिथं साडेचारशे डिग्रीच्या वर तापमान आहे हे आता माहिती झालंय, पण त्यानं गोष्टीला काडीचा फरक पडत नाही, हे पण लक्षात ठेवा.)

ब्रॅडबरीचीच ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ह्याच वर्षी वाचण्यासारखी, कारण ‘मार्शियन क्रॉनिकल्स’ पुस्तकात तिची तारीख 4 ऑगस्ट 2026 आहे. सगळं आपोआप चालणारं घर, नाष्टा करतं, झाडलोट करतं, वेळ सांगतं. घरातली माणसं कुठायत? बस, एवढंच सांगतो.

आर्थर क्लार्कची ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ (1953) मी वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी तोंडी सांगितली. तिबेटातले लामा कॉम्प्युटर भाड्यानं घेतात. कशाला, तर देवाची सगळी नावं लिहून काढायची आहेत, हातानं पंधरा हजार वर्षं लागली असती ते मशिननं शंभर दिवसांत होणार. आपल्याकडं ही गोष्ट समजवावी लागत नाही, सहस्रनाम, जपाची वही, कोटी जपाचा संकल्प हे सगळं घरातलंच, त्यामुळं अमेरिकन माणसाला जे विचित्र वाटतं ते आपल्याला एकदम बरोबर वाटतं. हेल्पर म्हणाला, “मग? झाली काय यादी पुरी?” मी शेवट सांगितला. पोरगं काही बोललं नाही, ग्लास ठेवला, शटरच्या बाहेर गेलं आणि वर बघून आलं. का ते वाचल्यावर कळेल. माझं ठाम मत आहे की ह्या गोष्टी कुणाला तरी तोंडी सांगून बघाव्यात, सांगताना जर खटका दोन वाक्यांत सांगता आला नाही तर एक तर आपल्याला गोष्ट कळली नाही नाहीतर लेखकालाच कळली नव्हती.

आता शेवटच्या पानाची युक्ती, ही मला अपघातानं सापडली. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातनं तीस रुपयांना इंग्रजी विज्ञानकथांचा संग्रह घेतला, त्यात आयझॅक असिमॉव्हची ‘नाइटफॉल’ होती. 1941 ची गोष्ट, लिहिणारा एकवीस वर्षांचा पोरगा. खटका असा की लगाश नावाच्या ग्रहाला सहा सूर्य आहेत, त्यामुळं तिथं रात्रच होत नाही, एक मावळला तर दुसरा असतोच, फक्त 2049 वर्षांतनं एकदा असा योग येतो की आकाशात एकच सूर्य उरतो आणि त्यालाही ग्रहण लागतं. शास्त्रज्ञांनी गणित करून काढलंय की ते आज आहे. आपल्याकडं अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला जशी गर्दी असते, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी, पहिल्या दिवशी किरणं पायापर्यंत, मग वर वर, लोक श्वास रोखून बघत असतात ऊन कुठवर चढलं, तसंच अगदी, फक्त इथं सगळे प्रकाशाची वाट बघतात आणि तिथं अंधाराची. मी भराभर वाचत आलो, अंधार पडायला लागला, आणि पुढचं पान उलटलं तर दुसरीच गोष्ट. शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं. दुकानात परत गेलो तर म्हणाला तीस रुपयात काय सगळी पानं पायजेत काय.

मग मी दहा-बारा दिवस ते डोक्यात घेऊनच फिरलो. मशीनवर असताना पण तेच. मला वाटायचं ही माणसं उगंच घाबरल्यात, आम्ही लोडशेडिंगमध्ये दिवस काढलेली माणसं, अंधाराला काय भ्यायचं, मेणबत्त्या लावतील, चार तास काढतील आणि सकाळी म्हणतील एवढंच होय. असा शेवट मी पक्का ठरवून टाकला. पुढं पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानं तिथल्या लायब्ररीतनं तेवढ्या पानाचं झेरॉक्स काढून कोयना एक्सप्रेसनं येताना आणलं. मी स्टेशनवरच उभा राहून वाचलं. माझा शेवट साफ चुकलेला, अंधाराचं जाऊ दे, मी दुसरंच काहीतरी विसरलो होतो जे रोज रात्री गच्चीवर डोक्यावर असतं.

तेव्हापासनं मी प्रत्येक गोष्टीत हे करतो आणि तुम्ही पण करा: शेवटच्या पानाच्या आधी थांबायचं, पुस्तक मिटायचं, आणि आता काय होईल ते स्वतः ठरवायचं. पाच मिनिटं द्या, जमलं तर एक रात्र द्या. मग वाचा. तुमचा शेवट लेखकापेक्षा चांगला निघाला तर गोष्ट सोडून द्या, तसं होतं कधी कधी. आणि हो, आधी यूट्यूबवर स्टोरी एक्सप्लेन्ड बघायचं नाही, मोबाइलला सारांश विचारायचा नाही, ते म्हणजे कुस्ती न बघता दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल वाचणं.

दुसरी युक्ती जोडीनं वाचायची. गंगाधरपंत वाचले की लगेच ब्रॅडबरीची ‘अ साउंड ऑफ थंडर’ वाचा, शिकारीसाठी भूतकाळात जाणाऱ्या लोकांची, आणि मग टेड चँगची ‘द मर्चंट अँड दि अल्केमिस्ट्स गेट’, 2007 ची, बगदादमधल्या एका दुकानातली कमान, त्यातनं गेलं की वीस वर्षं पुढं, आणि मागं जायचं तर कैरोतली तशीच कमान. पहिल्या दोन्हीत एवढ्याशानं सगळं जग बदलतं आणि तिसऱ्यात तुम्ही मागं जाऊन काहीही करा, झालेलं बदलत नाही, तरीपण मागं जाण्यात अर्थ असतो असं तो म्हणतो. तिन्ही वाचून झाल्यावर वाद घालायला बसा. आमच्यात एक जण अजून चँगवर चिडून आहे, म्हणतो बदलायचंच नसलं तर तिकीट कशाला काढलं. तसंच एच. जी. वेल्सची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ (1904), आंधळ्यांच्या दरीत एक डोळस माणूस घसरून पडतो आणि त्याला वाटतं आता आपणच राजा, वासरात लंगडी गाय शहाणी. वासरांचं मत वेगळं असतं. हिच्या जोडीला बेगम रुकैयांची ‘सुलतानाज ड्रीम’ (1905), तिथं पुरुष घरात पडद्यात आणि बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. एकशे वीस वर्षांपूर्वी बंगाली बाईनं इंग्रजीत लिहिलेली. आणि त्याच्याही आधी, 1896 ला, जगदीशचंद्र बोसांनी केसाच्या तेलाच्या कंपनीच्या स्पर्धेसाठी गोष्ट लिहिली, समुद्रात तेलाची बाटली ओतून वादळ थांबवल्याची. तेलाचा तवंग पाण्यावरच्या छोट्या लाटा शांत करतो हे खरं आहे, वादळ थांबतं हे नाही, आणि त्या दोन्हीच्या मधे गोष्ट बसते.

एक गोष्ट मात्र सुरुवातीला वाचू नका, सहा महिन्यांनी वाचा. उर्सुला ल ग्विनची ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’, 1973. त्यात कथानक असं काही नाहीच. एक सुखी शहर आहे, सण चाललाय, आणि त्या शहराचं सगळं सुख एका तळघरात कोंडलेल्या एका लेकराच्या हालांवर उभं आहे, हे सगळ्यांना माहिती आहे. खटका स्वच्छ समोर आहे, शोधावा लागत नाही. मी ती डिसेंबरात वाचली, गळीत हंगाम जोरात. दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला कागलकडं निघालो होतो, पुढं उसानं भरलेली बैलगाडी, मागं दिवा नाही, आणि उसाच्या मोळ्यांवर चादरीत गुंडाळलेलं चार-पाच वर्षांचं पोरगं झोपलेलं, थंडीत, आई खाली गाडीबरोबर चालतीय. बीडकडनं आलेली टोळी असावी. मी हॉर्न न वाजवता बराच वेळ मागनं तसाच गाडी हळू चालवत राहिलो. घरी आल्यावर चहात साखर घालताना हात थांबला असं काही झालं नाही, घातली मी साखर. पण ती गोष्ट अजून मी दुसऱ्यांदा वाचलेली नाही.

अद्भुतकथा, म्हणजे फँटसी, तिथं सायन्सचा आव नसतो, खटका का दाबला गेला ते कुणी सांगत नाही आणि आपण विचारायचं पण नाही. केन लिऊची ‘द पेपर मेनाजरी’ घ्या, 2011 ची, ह्युगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी ही तिन्ही बक्षिसं मिळवणारी पहिली कथा. चिनी आई गिफ्टच्या कागदाचा वाघ करते, त्यात फुंकर मारते आणि वाघ जिवंत होतो. कसा, ते नाही. आणि अमेरिकेत वाढणाऱ्या पोराला मोठं होताना आईचीच लाज वाटायला लागते. इंग्रजी एकदम सोपं आहे. वाचून झाल्यावर मी गारगोटीला आईला फोन केला, तर ती म्हणाली, “का रे, पैसे पायजेत व्हय?”

आपल्याकडं ह्या बाजूला जी. ए. कुलकर्णी, पण ते जपून. ‘रमलखुणा’मधली ‘इस्किलार’ किंवा ‘काजळमाया’मधली ‘विदूषक’, कुठला देश, कुठला काळ काही कळत नाही, वाक्यं अशी जड आणि देखणी की दोनदा वाचावी लागतात. धारवाडात बसून ह्या माणसानं असली राज्यं उभी केली. ह्या मोठ्या आहेत, सुट्टीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. नाही झेपलं तर लाज वाटून घेऊ नका, मला ‘इस्किलार’ तिसऱ्या वेळी लागू पडली. त्याच्या उलट खांडेकरांच्या रूपककथा, दोन-दोन पानांच्या, आपल्या कोल्हापुरातच राहून लिहिलेल्या. मला स्वतःला त्या थोड्या गोड लागतात पण शाळेतल्या पोरांना वाचून दाखवायला चांगल्या. आणि भीतीच पाहिजे असेल तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आहेतच, मतकऱ्यांची ‘खेकडा’ रात्री वाचू नका एवढंच.

मिळवायचं कुठनं? करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासनं आहे, आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासनं, तिथं मेंबर व्हा आणि नुसती कादंबऱ्यांची कपाटं बघू नका, कथासंग्रह वेगळे मागा. दिवाळी अंकांत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे गूढ-अद्भुत-विज्ञानकथांसाठी जुनेजाणते, नवे अंक दिवाळीनंतर दोन महिन्यांनी कुणी हात लावत नाही तेव्हा निवांत मिळतात. इंग्रजीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ आणि ‘स्ट्रेंज होरायझन्स’ ही मॅगझिनं नेटवर फुकट वाचायला आहेत, आणि वेल्ससारखे जुने लेखक प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या वेबसाइटवर, तेही फुकट आणि कायदेशीर. टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफच्या नादाला लागू नका, एक तर लेखकाच्या पोटावर पाय आणि दुसरं म्हणजे पाचशे पीडीएफ गोळा होतात आणि एकही वाचली जात नाही, आमच्या ग्रुपमधल्या एकाकडं तर आता फोनमध्ये जागाच नाही.

आणि संग्रह हातात आला म्हणून बसल्या बैठकीला सात गोष्टी वाचायच्या नाहीत. मिसळीच्या तीन प्लेटा लागोपाठ खाल्ल्या तर तिसऱ्या कटाचा फक्त जाळ लागतो. आठवड्याला दोन. मी एक रविवारी रात्री वाचतो, सोमवारी वर्कशॉपला सुट्टी असते तेव्हा संध्याकाळी रंकाळ्यावर आम्ही चार-पाच जण बसतो, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी खटका ओळखायचा. चुकला त्यानं भेळ द्यायची. ह्यात एक टेम्पो चालवणारे काका आहेत, त्यांनी आजवर एकही गोष्ट वाचलेली नाही, नुसती ऐकतात, आणि भेळ द्यायची वेळ त्यांच्यावर सगळ्यात कमी आलीय.

तो तीस रुपयांचा संग्रह अजून माझ्याकडं आहे. ज्याला पाहिजे त्याला देतो. ‘नाइटफॉल’च्या शेवटच्या पानाचं झेरॉक्स मात्र पुस्तकात नसतं, ते वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये मायक्रोमीटरच्या डबीखाली ठेवलंय. गोष्ट तिथवर वाचून या, पुढं काय होईल ते मला सांगा, मग पान देतो.